थीम पार्कात अर्धा दिवस लायनीतच जातो, काय करायचं? (इमॅजिकाला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम)

सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न येतोच येतो. कोणीतरी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन येतं आणि मग ग्रुपवर पडतं की पार्क मस्त आहे पण यार लायनी काय त्या, चार राइड झाल्या आणि दिवस संपला. मग दुसरा म्हणतो आम्ही गेलो तेव्हा सगळं रिकामं होतं, नायट्रोवर, म्हणजे तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरवर, लागोपाठ बसलो. दोघंही खरं बोलत असतात. पार्क तेच, राइड त्याच, तिकीटही जवळपास तेच, मग एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला सव्वा तास असं का होतं? आमच्या घरात चुलत-मावस मिळून मोठी गँग आहे आणि दरवेळी प्लॅनिंग माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे या विषयावर माझी बरीच डोकेफोड झाली आहे, ती इथे सगळी ओततो.

एक गोष्ट आधीच क्लिअर करू. लायन लहान करायची जादू कोणाकडेच नाही. आपल्या हातात एवढंच की कुठल्या लायनीत कधी उभं राहायचं आणि कुठल्या लायनीत राहायचंच नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, म्हणजे गेटमधून आत गेल्यावर जी पहिली राइड दिसेल तिथे नंबर लावतात, आणि जी राइड सगळ्यांनाच हवी असते ती दुपारी, सगळे तिथे पोचल्यावर करायला जातात.

लायन लांब आहे म्हणजे वेळ जास्त लागेल असं नाही

ज्या लोकांना हे कळतं त्यांचा निम्मा प्रॉब्लेम इथेच सुटतो. लायनीची लांबी बघू नका, ती राइड तासाला किती माणसं खाते ते बघा. समजा एका राइडवर एका वेळी २० जण बसतात आणि दर २ मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला ६००. तिथे ३०० माणसं उभी असली तरी अर्ध्या तासात तुमचा नंबर. शेजारी दुसरी राइड आहे, एका वेळी १२ जण, आणि चढ-उतार, बेल्ट चेक सगळं धरून ४ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला फक्त १८०. तिथे ९० माणसं दिसतात, आपण म्हणतो अरे वा इथे गर्दी कमी आहे चला, आणि तिथेही बरोब्बर अर्धा तासच जातो. उलट मनात "छोटी लायन" बसलेली असल्यामुळे जास्त चिडचिड होते.

हे मोजायला घड्याळ आणि थोडा पेशन्स पुरतो. लायनीत घुसायच्या आधी एक्झिटच्या बाजूला दोन गाड्या सुटेपर्यंत उभे राहा. किती जण उतरले आणि मध्ये किती मिनिटं गेली ते बघा. मग लायनीतली डोकी अंदाजाने मोजा, ती झिगझॅग रेलिंग असते ना तिच्या एका पट्ट्यात किती उभे आहेत आणि पट्टे किती, झाला गुणाकार. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे हे काम आठवीतल्या भाच्याला दिलेलं आहे, तो आता स्टाफपेक्षा बरोबर टाइम सांगतो.

आणि एक फार महत्त्वाचं बघायचं, रोलर कोस्टरवर गाड्या किती चालू आहेत. मोठ्या कोस्टरला बऱ्याचदा दोन ट्रेन असतात. एक ट्रॅकवर फिरत असते तोवर दुसरी स्टेशनात भरत असते. गर्दी कमी असली किंवा मेंटेनन्स असला की एकच ट्रेन चालवतात आणि तुमचा वेळ जवळपास दुप्पट होतो. लायन तेवढीच दिसते, पण हलत नाही. हे कुठल्याही बोर्डवर लिहिलेलं नसतं, स्टेशनकडे नजर टाकली की कळतं.

शोचं गणित मात्र पूर्ण वेगळं. सिनेमा ३६० किंवा राथ ऑफ द गॉड्स असल्या ठिकाणी एका वेळी मोठा घोळका आत जातो. तिथे तुम्ही लायनीत तिसरे आहात का नव्वदावे याला अर्थ नाही, पुढच्या शोमध्ये मावताय की नाही एवढंच. म्हणून तिथे "लवकर नंबर लावू" म्हणून अर्धा तास आधी उभं राहणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. आधी विचारा की पुढचा शो किती वाजता आणि साधारण किती लोक आत घेतात, मग जवळच पाणी पिऊन या, बाथरूमला जाऊन या, आणि दार उघडायच्या जरा आधी पोचा.

दिवस चुकला की पुढचं सगळं चुकतं

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शनिवार-रविवार टाळा हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण "वीकडे म्हणजे रिकामं" हा मोठा गैरसमज आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींचा सीझन असतो. मंगळवारी मोठ्या आशेने सुट्टी टाकून जावं तर पार्किंगमध्ये पिवळ्या बसेसची रांग. आता सहलीची पोरं म्हणजे काय, एका टोपीच्या रंगाची शंभर मुलं एकदम एकाच राइडवर येतात, ती लायन एका मिनिटात डबल होते. पण त्यांचं एक बरं असतं की ती झुंडीने फिरतात आणि त्यांना संध्याकाळी वेळेत शाळेत परत पोचायचं असतं, त्यामुळे चार-साडेचारच्या सुमारास बसेस हलायला लागतात. सहलीच्या सीझनमध्ये गेलात तर सकाळी ती झुंड जिकडे वळेल त्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला जा आणि मोठ्या राइड संध्याकाळवर ठेवा.

दिवाळीनंतरचा आठवडा सोडूनच द्या. आपली पोरं सुट्टीवर असतातच, वर गुजरातकडची मंडळी तेव्हाच फिरायला बाहेर पडलेली असतात, लोणावळा-खंडाळ्यात गाडी लावायला जागा नसते तिथे खोपोली कशी रिकामी राहणार. नाताळ ते नवीन वर्ष तसंच. मे महिन्यात गर्दी तर असतेच पण खरा त्रास उन्हाचा. त्या पट्ट्यात दमट उकाडा असतो आणि चाळीस मिनिटं पत्र्याखाली उभं राहिल्यावर आजीचं काय होतं ते तुम्हीच ठरवा.

मग जायचं कधी? माझी आवडती वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधला मधला वार. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची तिच्या मागोमाग, आणि ज्या घरात परीक्षा नाही त्या घरात पण अभ्यासाचं वातावरण असतं. कोणी सहसा पोरांना बाहेर काढत नाही. लहान मुलं असतील किंवा ऑफिसचा ग्रुप असेल तर ही वेळ सोन्यासारखी आहे. दुसरी वेळ पावसाळ्यातला वीकडे, पण तो थोडा जुगार आहे. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि ते थांबवायलाच पाहिजे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पाऊस उघडला की पहिल्या पंधरा मिनिटांत नायट्रोकडे पोचला तो जिंकला, कारण बाकी जनता अजून भजी खात असते.

कालनिर्णय पण बघा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्याला आहे. त्याच भागात महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकातले दोन गणपती. संकष्टी, त्यातून अंगारकी, किंवा माघी गणेशजयंती असेल तर त्या बाजूला भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. पार्कात गर्दी नसेल पण तुम्ही पोचणारच साडेबाराला, मग काय उपयोग.

अजून एक सोपी ट्रिक, तिकिटाचा भाव बघा. आता बऱ्याच पार्कांचे भाव तारखेप्रमाणे बदलतात. ऑनलाइन कॅलेंडरवर ज्या दिवशी तिकीट महाग त्या दिवशी पार्कवाल्यांनाच गर्दी अपेक्षित आहे असा सरळ अर्थ. म्हणजे स्वस्त दिवस घेतला की पैसेही वाचतात आणि लायनही. त्यांच्याकडे मागच्या वर्षांचा सगळा हिशोब असतो, आपण कशाला अंदाज लावत बसायचं.

सकाळचा पहिला तास

पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास हा दिवसातला सगळ्यात किमती वेळ, आणि आपली मंडळी नेमका तोच घालवतात. कसा, ते बघा. एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला "फक्त चहा" म्हणून थांबतात. चहाबरोबर वडा येतो, वड्याबरोबर काकांचा कोणी जुना ओळखीचा भेटतो, बायकांची बाथरूमची लायन असते, आणि पाऊण तास गेला. पोचल्यावर तिकीट खिडकी. मग गेटमधून आत शिरल्या शिरल्या फोटो, आधी सगळ्यांचा, मग जोडीजोडीने, मग "अरे रोहनचे डोळे मिटले". आत येऊन राइडपर्यंत पोचेतोवर बारा.

उपाय साधा आहे. नाश्ता घरून डब्यात घ्या आणि गाडीतच संपवा, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. (मिसळ नको. मिसळ खाऊन पाच वेळा उलटं फिरवणाऱ्या कोस्टरवर बसायचं धाडस ज्याने केलंय त्याच्या शेजारी मी बसलेलो आहे.) तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दोघांच्या फोनमध्ये ठेवा, एकाच्या फोनची बॅटरी गेली की सगळे गेटवर अडकतात. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. फोटो संध्याकाळी काढा, तेव्हा उजेडही छान असतो.

आत गेल्यावर थांबायचं नाही, सरळ ज्या राइडला दुपारी सगळ्यात जास्त लायन लागते तिथे जायचं. इमॅजिकात माझ्या मते पहिला नंबर नायट्रोचा, नंतर डीप स्पेस, मग गोल्ड रश एक्सप्रेस, डी२ डेअर ड्रॉप आणि स्क्रीम मशीन यातलं जे जवळ पडेल ते. या पाचांपैकी तीन जरी गर्दी वाढायच्या आत झाल्या तरी दिवस सुटला असं समजा. पण आदल्या दिवशी वेबसाइटवर आणि त्या दिवशी गेटवर एकदा विचारून घ्या की आज कुठल्या राइड बंद आहेत, म्हणजे धावत जाऊन बंद फाटकापुढे उभं राहायची वेळ येत नाही. काही राइड सकाळी उशिरा सुरू होतात हे पण विचारा.

दुपारी साधारण बारा ते चार जी गर्दी असते त्या वेळात आतल्या, एसीतल्या गोष्टी करा. मिस्टर इंडिया, अलिबाबा और चालीस चोर, आय फॉर इंडिया, सलीमगढ. लायन इथेही असते पण निदान डोक्यावर ऊन नसतं. राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर पण दुपारचीच, भिजलं तरी वाळायला वेळ मिळतो, संध्याकाळी भिजून परतीचा प्रवास एसी गाडीत केला की दुसऱ्या दिवशी सगळं घर शिंकतं. जाता जाता, राजासॉरस हे पार्कवाल्यांनी बनवलेलं नाव नाही बरं का, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला खराखुरा डायनासोर आहे, २००३ मध्ये त्याचं हे नाव जाहीर झालं. लायनीत उभं असताना पोरांना सांगायला बरं.

लायनीच्या बाहेर जाणारा वेळ

घरी येऊन सगळे म्हणतात लायनीत वेळ गेला, पण एकदा खरंच नीट बघा. किती वेळ लायनीत गेला आणि किती वेळ "काकू कुठे आहेत", "फोन लागत नाहीये", "आता कुठे जायचं", "पिंट्याला भूक लागली" यात गेला. दहा जणांचा ग्रुप एकत्र हलवायचा म्हणजे प्रत्येक राइडमागे पंधरा मिनिटं नुसती जमवाजमवीत जातात. त्यावर उपाय म्हणजे ग्रुप फोडा. कोस्टरवाले एकीकडे, लहान पोरं आणि त्यांचे आईबाप मॅजिक कॅरोझेल आणि टबी असल्या छोट्या राइडच्या बाजूला, आजी-आजोबा सावलीत किंवा शोमध्ये, आणि भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. "फोन करू" हा प्लॅन नाही, राइडवर फोन खिशात नसतो आणि लायनीत आवाज ऐकू येत नाही.

जेवण पण तसंच. साडेबारा ते अडीच सगळ्या फूड कोर्टांना राइडपेक्षा मोठी लायन असते. पावणेबाराला जेवा नाहीतर तीनला. आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी पावणेबाराला "आत्ता कुठे भूक" म्हणतात आणि सव्वाबाराला त्यांचीच सगळ्यात जास्त चिडचिड होते, त्यामुळे मी आता विचारत नाही, सरळ नेऊन बसवतो.

आणि बॅगा! सॅक घेऊन लायनीत उभं राहायचं, राइडपाशी पोचल्यावर कळतं सॅक आत चालत नाही, मग एक जण बाहेर राहणार किंवा परत जाऊन लॉकरमध्ये ठेवून येणार. सकाळीच एक लॉकर घ्या आणि त्यात सगळं कोंबा, बरोबर फक्त कंबरेचं छोटं पाउच. चष्मेवाल्यांनी मागून बांधायची दोरी आणा. चपलांपेक्षा बुटात या.

लहान मुलं असतील तर हे नीट वाचा. उंचीची अट प्रत्येक राइडला वेगळी असते आणि लायनीच्या तोंडाशी पट्टी लावलेली असते. पोराला आधी तिथे उभं करा. पन्नास मिनिटं उभं राहून शेवटच्या दारात "सॉरी, उंची कमी आहे" ऐकलेलं पोर कसं रडतं आणि त्याच्या बापाचं तोंड कसं होतं हे बघण्यासारखं नसतं. स्टाफशी भांडू नका, ती अट सीटच्या लॉकमध्ये अंग नीट बसण्यासाठी असते, दोन सेंटीमीटरने काय होतंय असं म्हणून चालत नाही. घरीच बूट घालून मोजून ठेवा आणि साइटवरच्या यादीशी ताडून बघा, म्हणजे निम्म्या राइड यादीतून आधीच कमी होतात.

बाळ बरोबर असेल तर स्टाफला विचारा की एकाने राइड केल्यावर दुसऱ्याला परत पूर्ण लायन न लावता सोडाल का. परदेशातल्या मोठ्या पार्कांत ही सोय रीतसर असते, डिस्नीत रायडर स्विच म्हणतात, सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्येही आहे. आपल्याकडे नियम जागोजागी वेगळे, पण गर्दी नसली आणि नीट विचारलं तर माणसं मदत करतात असा माझा अनुभव आहे.

पुढच्या सीटचा हट्ट आणि एकट्या सीटची मजा

कोस्टरच्या स्टेशनात पोचल्यावर अजून एक छोटी लायन लागते, पहिल्या ओळीची. सगळ्यांना पुढेच बसायचं असतं. लालबागच्या राजाला जशी नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच आहे हे. पहिली ओळ हा नवस समजा, एकदा फेडा, पण गर्दीच्या वेळी मुखदर्शनावर भागवा. मधल्या ओळीत बसलं तरी उलटं व्हायचं ते होतंच. मला तर शेवटची ओळ जास्त आवडते, उतारावर पुढचे डबे मागच्याला ओढून नेतात, त्यामुळे मागे बसल्यावर कड्यावरून फेकल्यासारखं वाटतं, आणि तिकडे लायन कमी.

नायट्रोवर एका ओळीत चौघं बसतात. आता तुम्ही पाच जण असाल तर एकाला वेगळं बसावंच लागणार, हे आधी ठरवून ठेवा, तिथे पोचल्यावर "नाही, आम्ही एकत्रच" म्हणून दोन गाड्या सोडू नका. आणि तुम्ही एकटे असाल किंवा एकटं बसायला तयार असाल तर कान उघडे ठेवा. ओळीत एक सीट रिकामी राहिली की स्टाफचा माणूस ओरडतो, "सिंगल कोई है? सिंगल?" तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसतात कारण कोणालाच आपल्या माणसाला सोडायचं नसतं. हात वर करा आणि जा. कधीकधी यात पंधरा-वीस माणसं ओलांडली जातात आणि कोणी काही बोलत नाही, कारण ती सीट नाहीतर रिकामीच जाणार होती. सिंगापूरला युनिव्हर्सलमध्ये यासाठी वेगळी लायनच आहे, ट्रान्सफॉर्मर्स आणि मम्मी दोन्हीला, तिथे जाणाऱ्यांनी ती जरूर वापरा, मोठ्या लायनीपेक्षा बहुतेक वेळा पुष्कळ लवकर होतं.

"आमचा माणूस पुढे उभा आहे" म्हणून सहा जणांनी मागून घुसायचं, हा उपाय मी सांगणार नाही. चालतो, माहीत आहे. पण मागचे चिडतात, भांडण होतं, सिक्युरिटी येते आणि तेवढ्यात एक गाडी सुटून जाते. सगळ्यांचाच वेळ जातो.

एक्सप्रेस तिकीट घ्यायचं का?

म्हणजे जास्त पैसे देऊन वेगळ्या, छोट्या लायनीतून जायचं तिकीट. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर आहे, दिवस बघून. मार्चमधल्या बुधवारी घेतलंत तर ते पैसे वाया. सलग सुट्टीचा वीकएंड असेल, दुसरा पर्यायच नसेल आणि बरोबर परत लवकर येऊ न शकणारे पाहुणे असतील, अमेरिकेतून आलेली बहीण वगैरे, तर घ्या आणि पैशाचा विचार सोडून द्या. पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी वाचा. कुठल्या राइडला चालतं आणि प्रत्येक राइडला एकदाच का कितीही वेळा. ही दोन वाक्यं न वाचता घेणारे लोक नंतर काउंटरवर वाद घालताना दिसतात.

आणि साध्या तिकीटवाल्यांनी हे लक्षात ठेवा. एक्सप्रेसची लायन शेवटी साध्या लायनीलाच येऊन मिळते. तिथे एक माणूस उभा असतो तो एक्सप्रेसवाले बरेच सोडतो आणि मधूनमधून साधे थोडे. म्हणून सुरुवातीला भराभर सरकणारी लायन शेवटच्या वळणावर येऊन गोठते. तुमच्या भाच्याने एक्झिटला उभं राहून काढलेला टाइम गर्दीच्या दिवशी वाढवून धरायचा तो यासाठी. एक्सप्रेसच्या दारात किती जण उभे आहेत तेही मोजा.

डिस्नीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण दरवर्षी कोणीतरी जुनी माहिती घेऊन जातं. अमेरिकेतला लायन टाळायचा तो फुकट फास्टपास १९९९ मध्ये सुरू झाला होता, तो आता नाही, २०२१ पासून त्याची जागा विकतच्या पासने घेतली. त्याला आधी जिनी प्लस म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदलून लायटनिंग लेन मल्टी पास केलं. हाँगकाँग आणि टोकियोत विकतच्या पासचं नाव प्रीमियर अ‍ॅक्सेस. फ्लोरिडात डिस्नीच्या हॉटेलात राहत असाल तर पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात. अर्धा तास ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यात दोन मोठ्या राइड होऊन जातात.

संध्याकाळ

सहली गेल्या, लहान पोरं दमली, पार्किंगमधून गाड्या निघायला लागल्या की लायनी आपोआप खाली येतात. संध्याकाळची परेड असेल तर त्या वेळी अर्धं पार्क रस्त्याच्या कडेला उभं असतं, परेड एकदा बघितली असेल तर त्या वीस मिनिटांत कोस्टर गाठा. बंद व्हायच्या वेळेबद्दल एक विचारून ठेवा, लायनीत शेवटचा माणूस किती वाजता घेता. बऱ्याच पार्कांत बंद होण्याआधी लायनीत शिरलेल्याला राइड मिळते, पण काही राइडचं फाटक आधीच लावतात. दुपारी चारलाच विचारा, सातला विचारून उपयोग नाही.

लायनीत असतानाच राइड बंद पडली तर

सगळ्यात जास्त वैताग याचाच. चाळीस मिनिटं उभे आहात, पुढे दोन गाड्या राहिल्या आणि अनाउन्समेंट होते की काही कारणाने राइड थांबवली आहे. थांबायचं की जायचं?

कारण विचारा, "कितना टाइम लगेगा" नको, त्याचं उत्तर त्यांनाही माहीत नसतं. कोणाला उलटी झाली असेल तर साफसफाई आहे, दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतं, थांबा. पाऊस-विजा असतील तर आकाशाकडे बघून तुम्हीच ठरवा. सीटचा लॉक किंवा सेन्सरचा घोळ असेल तर टेक्निशियनची वाट बघावी लागते आणि ते कितीही लांबू शकतं. कोस्टरवर मोठे फॉल्ट दिसायला वाईट दिसतात, गाडी चढावर मध्येच थांबते आणि लोक आरडाओरडा करतात, पण ट्रॅकचे भाग केलेले असतात आणि पुढच्या भागात गाडी असताना मागची गाडी तिथे सोडायची नाही एवढंच त्या सिस्टीमला कळतं, म्हणून शंका आली की ती थांबवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी काय करतो, लायनीतल्या लोकांकडे बघतो. पहिल्या पाच मिनिटांत घाईवाले कंटाळून निघून जातात, लायन निम्मी होते, म्हणजे राइड लगेच सुरू झाली तर आपला फायदाच. मग ट्रॅककडे लक्ष ठेवतो. दुरुस्ती झाली की लगेच माणसं बसवत नाहीत, आधी रिकामी गाडी एक-दोन फेऱ्या फिरवून बघतात. ती रिकामी ट्रेन दिसली आणि शेजारचा बाप पोरांना "चला रे, हे काही आता सुरू होत नाही" म्हणून बाहेर काढत असला तर त्याला थांबवा आणि सांगा, अहो दहा मिनिटं थांबा. आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली, ट्रॅकवर कोणी पाना घेऊन चढलेलं दिसतंय आणि रिकामी गाडी पण हलली नाही, तर बाहेर पडताना दारातल्या माणसाला विचारा की नंतर येण्यासाठी काही पास किंवा शिक्का देताय का. कधी देतात, कधी नाही, पण न मागता बहुतेक कोणी देत नाही.